सुभेदारांची दुपार

"घाई करू नका, मावशी. आता एकच राहिलं," मैत्रेयी मॅडम म्हणाल्या आणि हातातल्या कागदावर त्यांनी आणखी एक खूण केली.

सरजाबाईनं पदराला हात पुसले. घास भरवून झाला, कूस बदलून झाली, खुर्चीत बसवून झालं. आता सुभेदार आश्रुबांना दुपारचं झोपवायचं, की संपली परीक्षा. येलदरी रस्त्यावरच्या या आधारगृहात ती नऊ वर्षं म्हाताऱ्या फौजींचं करत होती. पण राज्यात नवा नियम आला होता. माजी सैनिकांना सांभाळणाऱ्यानं दहा दिवस शिकायचं आणि शेवटी करून दाखवायचं. नापास झालं, तर पुन्हा पास होईपर्यंत एकाही म्हाताऱ्याला हात लावायचा नाही.

"मॅडम, आमची बी घ्या की परीक्षा," शेजारच्या खाटेवरून हवालदार बापू म्हणाले. "झोपण्यात आमी पैल्या नंबरात येऊ."

मॅडम हसल्या. सरजाबाईला काही हसू आलं नाही. दारात व्यवस्थापक व्यंकटराव उभे होते आणि त्यांची नजर तिच्यावर होती. सकाळीच त्यांनी तिला बाजूला घेऊन बजावलं होतं, "ती पट्टी खाटेवरून काढून ठेव. मॅडमच्या नजरेला पडली तर तू बी जाशील अन् मी बी."

तिनं ती काढून ठेवली होती. जुन्या लुगड्याची मऊ पट्टी. दोन वर्षांपूर्वी सुभेदार भर दुपारी अर्धवट झोपेत उठले आणि पडले. कपाळाला सहा टाके पडले. त्या दिवशी कामाची पाळी सरजाबाईची होती. तेव्हापासून रोज जेवणानंतर ती त्यांचा उजवा हात खाटेच्या दांडीला बांधायची. फार घट्ट नाही, वळ उठणार नाही इतपतच. शिकवणीच्या तिसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या होत्या, "माणसाला बांधायचं नाही. मायेनंसुद्धा नाही." तेव्हा सरजाबाईनं मान खाली घातली होती.

आता तिनं शिकवल्याप्रमाणे सुभेदारांच्या समोर जाऊन आपलं नाव सांगितलं, काय करणार ते सांगितलं. मानेखाली हात घालून त्यांना अलगद निजवलं. उशी नीट केली. अंगावर चादर घातली. मॅडमचा पेन कागदाकडं वळला.

सुभेदारांनी चादरीतून उजवा हात बाहेर काढला. मनगट खाटेच्या दांडीला लावलं आणि तसेच वाट बघत पडून राहिले.

"हे काय करतायत?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही, मॅडम," व्यंकटराव लगबगीनं पुढं आले. "फौजी माणूस. शिस्तीची सवय."

सरजाबाईनं तो हात हळूच चादरीखाली घेतला. सुभेदारांनी तो पुन्हा बाहेर काढला.

"बांध की, सरजा," ते म्हणाले. "तुला बाकीची कामं हायत."

शेजारच्या खाटेवर बापूंनी तोंड भिंतीकडं केलं.

व्यंकटरावांनी डोळ्यांनी खुणावलं, गप बस. तरी सरजाबाई बोलली, "मीच बांधत होते, मॅडम. दोन वरीस झालं."

"कशासाठी?"

"उठतेत अन् पडतेत. लय भ्या वाटायचं मला."

"उठतात कशासाठी?"

सरजाबाईनं व्यंकटरावांकडं पाहिलं. ते जमिनीकडं बघत होते.

"त्यांनाच विचारा," मॅडम म्हणाल्या.

ती वाकली. "सुभेदार, दुपारी उठून कुठं जायचं असतंय तुमाला?"

सुभेदारांनी आधी बापूंच्या खाटेकडं बघून घेतलं. मग आवाज खाली घेऊन म्हणाले, "लघवीला."

दोन वर्षं रोज चार वाजता सरजाबाई त्यांची ओली चादर बदलत आली होती. कधी नाक मुरडलं नाही, कधी एक शब्द बोलली नाही. त्या गोष्टीचा तिला अभिमान होता.

"पुन्हा बसावं लागेल, मावशी," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "दहा दिवस."

"बसते." तिनं डोळे पुसले नाहीत. "पर आता यांला न्यायचं हाय. हात लावू का नको?"

मॅडमनी कागदाकडं पाहिलं. पेनला टोपण लावलं.

"सही अजून केली नाही मी. न्या."

सुभेदार उठले. एक हात भिंतीवर, एक सरजाबाईच्या खांद्यावर. खाटेपासून संडासापर्यंत अकरा पावलं होती, त्यांना लय वेळ लागला. मागून व्यंकटराव येत होते. दाराशी पोचल्यावर सुभेदारांनी खांद्यावरचा हात काढून आतली दांडी धरली.

"तू भाईर थांब," ते म्हणाले आणि दार लोटून घेतलं.

सरजाबाई दाराकडं पाठ करून उभी राहिली. आतली चाहूल घेत. व्यंकटराव दार ढकलायला पुढं झाले, तसा तिनं हात आडवा केला.

"थांबा, साहेब. आत सुभेदार हायत."