तेवढी एक ओळ

गुरुवारी बायकोला माती देऊन पाळक एविन रविवारी फेरो बेटांवरच्या आपल्या गावच्या चर्चमध्ये उपासनेला उभे राहिले. पाळकाच्या झग्यावरची गळ्याभोवतीची पांढरी झालर बायकोच खळ घालून कडक करायची. आज ती मलूल लोंबत होती. प्रार्थनेत ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ ही ओळ आली आणि त्यांचे ओठ मिटले. वीस वर्षं गावातल्या प्रत्येक मयताच्या घरी त्यांनीच ती म्हटली होती. आज तोंडातून निघेना. तेवढ्यात मागच्या बाकावरून म्हातारी बिरिता उठली. तिचे दोन्ही मुलगे समुद्रानं नेले होते. “नाही ना निघत, पोरा? राहू दे. माझीही वर्षभर निघत नव्हती. देव काही रुसला नाही. तेवढी आम्ही म्हणतो. तू पुढच्या, भाकरीच्या ओळीपासून सुरू कर.” सगळ्यांनी ती म्हटली. मग एविननी रोजची भाकर मागितली. ते अडखळले, तेव्हा अख्खं चर्च त्यांच्यासाठी थांबलं.