थेंब पडू दे

हवामान पालटलेल्या लातुरात संध्याकाळपर्यंत हिमवादळ पोचणार, असा अंदाज सकाळीच फोनवर आला. टाकीच्या पाण्यावर आठवडा काढणाऱ्या गल्लीत अनसूयाताई बिराजदार दारोदार सांगत निघाल्या, "नळ किंचित सोडून ठेवा. धार नको, नुसते थेंब पडू दे."

शेजारच्या रझियाभाभींना पटेना. "ठिबकणाऱ्या नळावरून तुम्हीच आम्हाला आयुष्यभर झापलंत ना, ताई?"

"झापलं. आणि मागच्या हिवाळ्यात सगळ्यांनी नळ घट्ट बंद ठेवले, म्हणून पाइप गोठून फुटले. पाणी हलतं राहिलं तर वाचतील."

रझियाभाभींनी नळ सोडला, पण खाली बादली लावलीच.

घरी येऊन अनसूयाताईंनी स्वतःचाही नळ सैल केला. टपटप सुरू झाली. सवयीने हात तोटीकडे गेला. त्यांनी तो शालीत कोंबला आणि मूठ आवळून बसून राहिल्या.