कृपया टोस्टर नकोत

मिलवॉकीच्या मेरनच्या लग्नपत्रिकेत तळाशी एक ओळ होती: ‘कृपया टोस्टर नकोत.’

ती वाचून हिल्डा आत्याने पाव भाजायचा नवाकोरा टोस्टर गुपचूप दुकानात परत केला. नवरामुलगा कर्टिस कॉम्प्युटर दुरुस्त करतो, आणि त्या धंद्यात रडतखडत चालणाऱ्या जुन्या कॉम्प्युटरलाही टोस्टरच म्हणतात. त्यामुळे एरवी कुठल्याही कार्याला “जरा बघतोस का रे?” म्हणत आपलं डबडं काखोटीला मारून येणारे शेजारी आज कधी नव्हे ते मोकळ्या हातांनी आले.

पंचाईत झाली ती ऑर्विल मामाची. घरातल्या प्रत्येक लग्नात ग्लास उंचावून टोस्ट करायचा, म्हणजे नवरा-नवरीला शुभेच्छा देणारं भाषण ठोकायचा, मान त्याचा. एकदा बोलायला उभा राहिला की लोकांचं सूप थंडगार झाल्याशिवाय खाली बसायचा नाही. आज मात्र तो तोंड शिवल्यासारखा चीजचे तुकडे चघळत होता.

शेवटी मेरनच्या आईला, लोइसला, भावाची दया आली. तिने लेकीला कोपऱ्यात गाठलं.

“अगं, तुझा मामा फुगून बसलाय. टोस्ट करतो तो टोस्टर, म्हणजे टोमणा आपल्यालाच, असं धरून चाललाय तो. जा, सांग त्याला, तुला पाव भाजायचं यंत्र म्हणायचं होतं म्हणून.”

“सांगते ना, आई,” मेरन बोटाला लागलेलं केकचं क्रीम चाटत म्हणाली.



“आधी पाहुणे घरी जाऊ देत.”