दुसरा डोळा

वस्तीच्या भिंतीवर माझ्या खून झालेल्या लेकाचा चेहरा काढाल का, असं एका आईनं फोटोसह पत्रातून विचारलं होतं. मारणारे मोकाट होते. मी भित्र्यानं उत्तरच दिलं नाही. पण भिंतीवर गर्दी रंगवताना तो मधोमध उतरलाच. दुसरा डोळा रंगवत होतो, तेवढ्यात मारेकरीच आले. “म्हाताऱ्या, कुणाला विचारून काढलंस?” त्यांनी मला शिडीवरून ओढलं, उजवा हात फरशीवर दाबून हातोड्यानं बोटं ठेचली. चित्रातल्या चेहऱ्यावर चुना फासला. दवाखान्यात बहीण रडत म्हणाली, “दादा, जन्मात झुरळ मारलं नाहीस, हे कुठून सुचलं?” वाळलेल्या तेलरंगावर चुना धरत नाही, हे त्या गाढवांना ठाऊक नव्हतं. काही दिवसांत पोपडे सुटले, चेहरा परतला. त्या आईला डाव्या हातानं लिहिलं, “ताई, या. ओला होता तो एक डोळा तेवढा पुसलाय, तुमच्यासमोर रंगवतो.” उत्तर टपालपेटीत टाकलं.