उभं वजन

डिंफनानं पाण्याचा तिसरा पेला रिकामा केला आणि चौथा नळाखाली धरला, तेव्हा मॅलकीला उमगलं की बायकोला तहान लागलेली नाही.

"किती पिशील?"

"तुझं काय जातंय? नळ हॉस्पिटलचा आहे."

गाडीतसुद्धा तिनं मोठी बाटली संपवली होती. आतल्या खोलीत वजनाचा काटा होता. डॉक्टरनं मागच्या खेपेला स्वच्छ सांगितलं होतं, पंचेचाळीस किलोच्या खाली उतरलात तर औषध बंद, अंगाला सोसणार नाही. औषध बंद म्हणजे पुढं काय, हे दोघांपैकी कुणीच विचारलं नव्हतं. विचारायचं काय त्यात!

मॅलकीला राग आला. येणारच. रॉसकॉमनच्या गुरांच्या बाजारात कत्तलखान्यासाठी बैल घेण्यात त्याचा जन्म गेला होता, आणि त्याला कधी काटा लागला नाही. बैलाच्या कमरेवर हात ठेवायचा आणि सांगून मोकळा व्हायचा: उभा सहाशे, सोलून आकड्याला टांगला की तीनशे तीस, हाडं काढली की सव्वादोनशे. दोन-चार किलो इकडंतिकडं झाले तर झाले. बैलाला तुडुंब पाणी पाजून काट्यावर आणणारा कुणी दिसला, की भर बाजारात त्याची अब्रू काढायचा. "पाणी आकड्याला टांगता येत नाही बाबा," एवढं म्हणायचा आणि पुढं जायचा. त्यापायी चार माणसं अजून त्याच्याशी बोलत नाहीत. त्यातला एक डिंफनाचा सख्खा भाऊ.

आता आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"हे बरं नव्हे, डिंफना," तो आवाज खाली आणून म्हणाला. "ते औषध म्हणजे निम्मं विषच. नाही सोसलं तर?"

"नाही सोसलं तर नाही सोसलं." पेला तिनं दोन्ही हातांनी धरला होता. "पण मला जायचं नाहीये रे. इतक्यात नको."

तेवढ्यात नोरीन नर्स दारात आली. गावातलीच पोरगी. तिच्या बापानं मॅलकीला कितीतरी बैल विकले होते.

"चला, डिंफनाबाई. बूट काढा."

डिंफना काट्यावर चढली. एक हात पोटावर होता.

"साडेपंचेचाळीस," नोरीन म्हणाली, पण लिहिलं नाही. तिनं डिंफनाच्या मनगटाकडं पाहिलं, मग पुन्हा काट्याकडं. "मागच्या वेळेइतकंच भरलं की." मग ती हसत मॅलकीकडं वळली. "तुम्ही सांगा बघू. आमचे बाबा म्हणतात, काटा चुकेल पण मॅलकी चुकायचा नाही."

मॅलकीला बघायचं नव्हतं. पण डोळ्यांना लागलेली सवय जाते थोडीच. कमरेची हाडं वर आलेली, गळ्याखाली खळगा, आणि पोट तेवढं टम्म. पाणी सोडलं तर चव्वेचाळीस. तेही मोठ्या मनानं. डिंफना त्याच्याकडं बघत नव्हती. ती समोरच्या भिंतीकडं बघत गुमान उभी होती.

"साडेपंचेचाळीस," तो म्हणाला. "गुंजभर कमी नाही."

नोरीननं वजन लिहून घेतलं आणि शिरेतून द्यायच्या औषधाची पिशवी आणायला गेली.

डिंफना बूट न घालताच लगबगीनं बाथरूमकडं निघाली. मॅलकी तिचा कोट हातावर घेऊन दाराबाहेर थांबला. आतून पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. त्याला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटत होती. नोरीनच्या मागं जावं, खरं काय ते सांगून टाकावं, असं एकदा मनात आलं. तो जागचा हलला नाही.

ती चौकटीला धरून बाहेर आली. त्यानं तिचा दंड धरला. दंडात धरायला काही उरलंच नव्हतं.

"रागावलास?"

"नाही."

"माझ्यासाठी खोटं बोललास. तू!"

त्यानं तिला खुर्चीपर्यंत नेलं, बसवलं, कोट खांद्यावर टाकला. मग खाली बसून तिच्या पायात बूट चढवायला लागला. नाडी बांधता बांधता त्यानं दाराकडं पाहिलं. नोरीन अजून आली नव्हती.

"पुढच्या खेपेला आदल्या रात्री मीठ खा," मान वर न करता तो म्हणाला. "नुसतं पाणी अंगात थांबत नाही."