पिवळाच द्या

"पिवळा नको हो ताई, खरंच नको," दुकानातली बाई कळवळून म्हणाली. "तुमचे खांदे आधीच रुंद. त्यात या फुग्याच्या बाह्या! आणि कमरेला पट्टा बांधलात की पोट आलंच पुढे."

ट्रायल रूमच्या पांढऱ्या उजेडात तिला ते सगळं दिसतच होतं.

"हा एकदा घालून तर बघा." बाईने गडद निळा ड्रेस पुढे केला. साध्या बाह्या, पुढे टोकदार गळा, अंगाला कुठे आवळत नाही की लोंबत नाही. तो घातला आणि खांदे जरा लहान वाटले, मान लांब दिसू लागली. आपण बऱ्या दिसतो, हे तिला कितीतरी वर्षांनी कळलं. कुणी इतकं निरखून बघितल्यालाही तेवढीच वर्षं झाली होती. वेड्यासारखं रडूच आलं तिला.

"अगं बाई, काय दिसताय! कुणाला भेटायचंय एवढं?" बाईने डोळे मिचकावले.

"आहे एक माणूस. मला हल्ली ओळखच देत नाही."

"मग निळाच घ्या. बघतच राहील!"

तिने आरशात पुन्हा एकदा बघून घेतलं.

"नको. पिवळाच द्या."

बाईने कपाळाला हात लावला. "हौसेला मोल नाही, दुसरं काय!"

वृद्धाश्रमात आईने दोन दिवस ताटाला हात लावला नव्हता. ही धाकटी लेक समोर आली, की नवी नर्स समजून हाकलून द्यायची. धोशा एकच, थोरलीला बोलवा. थोरली अंगाने शेलाटी, सदा पिवळ्यात, फुग्याच्या बाह्या, कमरेला पट्टा. ती जाऊन वर्ष झालं होतं. आईला कितीदा सांगितलं, पण डोक्यात शिरेल तर शपथ.

दारात पिवळं दिसलं आणि आईचा चेहरा उजळला.

"आलीस गं बाई! किती वाट बघायला लावलीस! सुटलीस हं जरा."

"हो, आई. जेवतेस ना?"

आई जेवली. आ करून, घास घास मागून ताट साफ केलं. मग लेकीचा हात हातात घेऊन कुरवाळत बसली. त्या हाताला असं कुणी धरून किती दिवस झाले होते.

"धाकटीला निळं किती शोभायचं गं," आई म्हणाली. "गेली बिचारी. पण खरं सांगू? दोघींतली तू राहिलीस, तेच बरं झालं."