पहिले चार सेकंद

करी रोडच्या चाळीत राहणाऱ्या हितेंद्रने आपलं पहिलं रॅप घरातच मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं. तो सुरू करणार, तेवढ्यात स्वयंपाकाच्या ओट्याजवळून आईची हाक आली होती, "बाबू, जेवूक ये रे, सगळा निवान जाता." गंमत म्हणून त्याने ती गाण्यात तशीच ठेवली.

पुढच्या वर्षी आई गेली. त्यानंतर त्याचे वडील बुधाजी रोज दुपारी मोबाइलवर ते गाणं लावू लागले. बाबांना आपलं रॅप आवडायला लागलं, असं वाटून हितेंद्रला हुरूप यायचा.

यंदा दिल्लीच्या एका कंपनीने तेच गाणं नव्याने काढलं आणि ते देशभर वाजलं. जुन्या हाकेत कुकरची शिट्टी होती, म्हणून ती हाक स्टुडिओत एका नटीकडून नव्याने म्हणवून घेतली. जुनं गाणं सगळीकडून काढून टाकायचं, अशी करारात अट होती.

जुनं काढलं, त्या दुपारी बुधाजींनी नेहमीसारखं गाणं लावलं आणि लगेच थांबवलं.

"ही बाई कोण रे?"

"कंपनीने घेतली, बाबा."

"मग जुनं लाव."

"ते काढलं. माझ्याकडेही नाही आता. रेकॉर्ड केलं तो मोबाइल कधीच बिघडला."

बुधाजींनी मोबाइल बाजूला ठेवला. हितेंद्र समजुतीने म्हणाला, "पण माझे शब्द तेच आहेत, बाबा."

"ते मला ठाऊक नाहीत," बुधाजी म्हणाले. "तिची हाक झाली की मी बंद करायचो आणि जेवायला बसायचो."